जल्पाकडून वादाकडे : फ्रेंच भाषेतील शालेय वादविवाद स्पर्धांचा आढावा

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसाठी फ्रेंच भाषेत भरवली जाणारी वादविवाद स्पर्धा वरकरणी साधी दिसते. एक विषय, अनुकूल आणि प्रतिकूल अशा दोन बाजू, ठरावीक वेळ, परीक्षकांचे गुण आणि शेवटी निकाल, एवढाच तिचा पसारा असतो. तथापि ही स्पर्धा कोठे आणि कोणासाठी भरते, यानुसार तिचा अर्थ मुळातून बदलतो. फ्रान्स, स्वित्झर्लंडचा फ्रेंचभाषक पश्चिम भाग आणि कॅनडातील क्वेबेक प्रांत येथे फ्रेंच ही बहुतेक स्पर्धकांची घरची भाषा असते; सेनेगल किंवा कोत दिव्हुआर येथे ती शाळेची आणि सरकारची भाषा असते, पण घरात वोलोफ, बाउले, जुला अशा भाषा बोलल्या जातात; क्वेबेकबाहेरचा कॅनडा, जर्मनी किंवा भारत येथे ती बहुतेकांसाठी शिकून घेतलेली भाषा असते. आंतरराष्ट्रीय फ्रँकोफोनी संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार जगातील फ्रेंच बोलणाऱ्यांची संख्या सुमारे 32 कोटी 10 लाख आहे, आणि तीत या तिन्ही गटांचा समावेश होतो. त्यामुळे या स्पर्धांचा विचार करताना वक्तृत्वकला, लोकशाही शिक्षण आणि भाषाशिक्षण हे तीन वेगवेगळे हेतू एकाच व्यासपीठावर एकमेकांत मिसळलेले आढळतात, आणि त्यांपैकी कोणता हेतू खरोखर साधला जातो हे स्पर्धेच्या जाहीर उद्दिष्टांपेक्षा तिच्या नियमांवरून अधिक खात्रीने कळते.

या प्रश्नाची उकल करण्यासाठी भारतीय न्यायदर्शनातील एक जुने वर्गीकरण उपयोगी पडते. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी, प्रमाणे आणि तर्क यांच्या आधारे होणारी चर्चा तो वाद. विजयासाठी, प्रसंगी शब्दच्छल आणि फसव्या प्रत्युत्तरांचाही आश्रय घेऊन होणारी चर्चा तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करत राहणे ती वितंडा. स्पर्धा म्हटली की विजेता ठरवावा लागतो, म्हणजे ती स्वभावतःच जल्पाच्या जवळ असते. शिक्षणाला मात्र वाद हवा असतो. म्हणून शालेय वादविवाद स्पर्धेचा खरा प्रश्न असा मांडता येतो की, वेळेचे, बाजूंचे आणि गुणांचे नियम कसे आखले म्हणजे जिंकण्याची इच्छा असलेला विद्यार्थी, जिंकण्यासाठीच का होईना, समोरच्याचे ऐकू लागेल आणि त्याच्या म्हणण्याला उत्तर देऊ लागेल. फ्रेंच भाषेच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, कारण या भाषेच्या शालेय परंपरेत सुंदर बोलण्याला पूर्वीपासून मोठी प्रतिष्ठा आहे आणि ऐकून बोलण्याचे स्थान त्या मानाने अनिश्चित राहिले आहे.

परंपरेचे चढउतार

फ्रान्समधील शिक्षणाचा आरंभ वादापासूनच होतो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही. तेराव्या शतकातील पॅरिस विद्यापीठात ‘दिस्पुतातिओ’ म्हणजे शास्त्रार्थ हे अध्यापनाचे अधिकृत साधन होते. आचार्य प्रश्न मांडत, एक विद्यार्थी आक्षेप घेई, दुसरा त्या आक्षेपांना उत्तर देई, आणि शेवटी आचार्य दोन्ही बाजूंचा विचार करून निर्णय सांगत. नाताळापूर्वीच्या आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात होणाऱ्या ‘क्वोदलिबेत’ नावाच्या सभांत तर श्रोत्यांपैकी कोणीही कोणत्याही विषयावर प्रश्न विचारू शके. ही सर्व चर्चा लॅटिनमध्ये चाले. पुढे 1599 मध्ये निश्चित झालेल्या ‘रातिओ स्तुदिओरुम’ या अभ्यासपद्धतीद्वारे जेझुइट पंथाने आपल्या शाळांत स्पर्धेचे तत्त्व पद्धतशीरपणे रुजवले. प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रतिस्पर्धी नेमून दिलेला असे, वर्ग अनेकदा रोम आणि कार्थेज अशा दोन छावण्यांत विभागलेला असे, आणि वरच्या टप्प्यावरील एका इयत्तेचे नावच ‘रेतोरिक’ म्हणजे वक्तृत्वशास्त्र असे होते. पॅरिसमधील लुई-ल-ग्रां या जेझुइट शाळेत शिकलेला व्हॉल्तेर याच पद्धतीतून घडला.

नेपोलियनच्या काळात, 1808 च्या आदेशाने, ‘बाकालोरेआ’ ही शालान्त परीक्षा सुरू झाली तेव्हा ती पूर्णपणे तोंडी होती. 1809 मध्ये पहिल्या तुकडीत 31 उमेदवार उत्तीर्ण झाले. लेखी परीक्षेचा प्रवेश 1830 मध्ये झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लेखनाचे वजन वाढत गेले. 1880 मध्ये लॅटिन भाषणरचनेची जागा फ्रेंच निबंधाने घेतली, आणि 1902 च्या सुधारणेत ‘रेतोरिक’ ही इयत्ता ‘प्रमिएर’ या निरलंकार नावाने ओळखली जाऊ लागली. या बदलामागे केवळ परीक्षेची सोय नव्हती. तिसऱ्या प्रजासत्ताकातील गुस्ताव्ह लांसों यांच्यासारख्या सुधारकांना वक्तृत्वशिक्षण हे पोकळ शब्दवैभवाचे आणि जुन्या धार्मिक शाळांचे प्रतीक वाटत होते. त्याऐवजी साहित्याचा इतिहास, संहितेचे स्पष्टीकरण आणि ‘दिसेर्तासियों’ म्हणजे विवेचक निबंध यांवर त्यांनी भर दिला.

विवेचक निबंधाने वाद संपवला नाही, तर तो कागदावर आणून एकट्या विद्यार्थ्याच्या हाती सोपवला. पक्ष, प्रतिपक्ष आणि समन्वय ही त्याची प्रचलित तीनपदरी रचना म्हणजे एकाच व्यक्तीने दोन्ही बाजूंनी बोलून शेवटी स्वतःच निर्णय देणे होय. या शिस्तीचा लाभ असा की फ्रेंच शाळेत शिकलेला विद्यार्थी प्रतिपक्षाचा विचार करायला लवकर शिकतो. तोटा असा की तो प्रतिपक्ष त्याने स्वतःच निर्माण केलेला, म्हणून आटोक्यातला असतो. वादविवाद स्पर्धेच्या मंचावर हाच विद्यार्थी येतो तेव्हा समन्वय साधण्याची त्याची सवय नेमून दिलेल्या बाजूशी विसंगत ठरते, आणि समोरच्या खऱ्याखुऱ्या माणसाचा अनपेक्षित आक्षेप त्याच्या आखीव मुद्द्यांत कोठेच बसत नाही.

मौखिक शिक्षणाचे पुनरागमन गेल्या दीड दशकात झाले. 2012 मध्ये स्तेफान द फ्रैतास यांनी पॅरिसच्या उत्तरेकडील सँ-दनी या उपनगरात ‘एलोक्वेंतिया’ ही वक्तृत्वस्पर्धा सुरू केली. ती तरुणांसाठी आणि मुख्यतः विद्यापीठीय पातळीवरची असली, तरी तिच्यावरील ‘आ व्ह्वा ओत’ या माहितीपटाने 2017 मध्ये चित्रपटगृहांत मिळवलेल्या प्रसिद्धीमुळे शाळांतील वक्तृत्वशिक्षणालाही जोर आला. माध्यमिक शाळेच्या खालच्या टप्प्याच्या अखेरीस होणाऱ्या ‘ब्रव्हे’ परीक्षेत 15 मिनिटांची तोंडी चाचणी आली, आणि सिरिल दले यांच्या मौखिक परीक्षेवरील 2019 च्या अहवालानंतर 2021 मध्ये बाकालोरेआ परीक्षेत ‘ग्रां ओराल’ म्हणजे मोठी तोंडी परीक्षा प्रथमच घेण्यात आली. उमेदवाराने वर्षभर तयार केलेल्या दोन प्रश्नांपैकी एक परीक्षक निवडतात, 20 मिनिटांच्या तयारीनंतर उमेदवार तो मांडतो आणि नंतर परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देतो. 2024 पासून 10 मिनिटे मांडणी आणि 10 मिनिटे संवाद अशी तिची विभागणी झाली. समाजातील विषमता कमी करण्याचे साधन म्हणून ही परीक्षा पुढे आणली गेली, हे तिच्यावरील पुढील टीका समजून घेताना ध्यानात ठेवावे लागते.

दोन कुळे, अनेक रूपे

फ्रेंच भाषेतील शालेय स्पर्धांची दोन कुळे मानता येतात. पहिले ‘एलोकाँस’ म्हणजे वक्तृत्वाचे. यात एक वक्ता दिलेल्या प्रश्नाच्या होकारार्थी किंवा नकारार्थी बाजूने आठ-दहा मिनिटांचे, बहुधा आधी लिहून तयार केलेले भाषण करतो. या कुळाचा आदर्श वकिलांच्या संघटनांतून आला आहे. पॅरिसच्या वकीलसंघात दरवर्षी बारा तरुण वकिलांची स्पर्धेतून निवड होते, आणि तेथील विषय अनेकदा कोट्यात्मक, द्व्यर्थी किंवा मुद्दाम विक्षिप्त असतात. शैलीची चमक, विनोद आणि अनपेक्षित कल्पना यांना तेथे दाद मिळते. शाळांनी हे रूप उचलले तेव्हा त्याचा डौल आला, पण दोन वक्ते एकाच विषयावर परस्परविरुद्ध बोलत असूनही एकमेकांशी बोलत नाहीत, हा त्याचा मूळ दोषही आला.

दुसरे कूळ ‘देबा’ म्हणजे प्रत्यक्ष वादविवादाचे, आणि त्याची बरीचशी रचना फ्रेंचेतर जगातून आली आहे. ब्रिटिश संसदीय पद्धतीत दोन-दोन वक्त्यांचे चार संघ असतात, विषय भाषणाच्या केवळ पंधरा मिनिटे आधी कळतो आणि भाषण चालू असताना विरुद्ध बाजूचा सदस्य उभा राहून थोडक्यात प्रश्न विचारण्याची परवानगी मागू शकतो; मात्र भाषणाचे पहिले आणि शेवटचे मिनिट संरक्षित असते. 1988 मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या आणि इंग्रजीत चालणाऱ्या जागतिक शालेय स्पर्धेत प्रत्येक बाजूचे तीन वक्ते आठ-आठ मिनिटे बोलतात आणि शेवटी चार मिनिटांचे समारोपाचे उत्तर असते. मध्य आणि पूर्व युरोपात 1990 च्या दशकात पसरलेल्या, तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचे नाव दिलेल्या पद्धतीत तीन-तीन सदस्यांचे दोन संघ असतात आणि भाषणांमध्ये उलटतपासणीसाठी स्वतंत्र वेळ राखलेला असतो.

फ्रेंच शिकणाऱ्या शालेय वयोगटाला सर्वांत अनुकूल वाटणारी रचना मात्र जर्मनीतून आली. 2001 मध्ये फ्रँकफुर्टमध्ये सुरू होऊन पुढे देशभर गेलेल्या ‘युगेंड देबातिअर्त’ या उपक्रमात दोन अनुकूल आणि दोन प्रतिकूल असे चारच वक्ते असतात. प्रत्येकाला आरंभी दोन मिनिटे मिळतात, त्यानंतर बारा मिनिटे सूत्रधाराविना मुक्त चर्चा चालते आणि शेवटी प्रत्येकजण एका मिनिटात आपले म्हणणे पुन्हा मांडतो. त्या मिनिटात नवा मुद्दा आणता येत नाही. एकूण चोवीस मिनिटांपैकी निम्मा वेळ आधी पाठ करता येत नाही, हे या रचनेचे मर्म आहे. स्वित्झर्लंडने ती स्वीकारली आणि तेथे हीच स्पर्धा जर्मन, फ्रेंच आणि इटालियन या भाषांत चालते; फ्रेंचमध्ये तिचे नाव ‘ला जनेस देबा’ असे आहे. लोकमताने कायदे ठरवणाऱ्या त्या देशात विषयही ‘अमुक करावे काय’ अशा मतपत्रिकेवरील प्रश्नाच्या रूपात दिला जातो, त्यामुळे स्पर्धेची भाषा आणि नागरिकाच्या निर्णयाची भाषा एकच राहते.

या दोन कुळांतील फरक न्यायदर्शनाच्या परिभाषेत पाहिला तर वक्तृत्वस्पर्धा वाद-जल्प-वितंडा या वर्गीकरणाच्या बाहेरच राहते, कारण तिच्यात प्रतिवादीच नसतो. संसदीय पद्धतीत प्रतिवादी असतो, पण लांब भाषणांमुळे तो बराच वेळ थांबून राहतो. मुक्त चर्चेच्या रचनेत तो सतत समोर असतो आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करणे कोणालाही परवडत नाही.

परभाषेतून वाद

फ्रेंच ही शिकलेली भाषा असते तेथे स्पर्धेचे स्वरूप आणखी गुंतागुंतीचे होते, आणि या बाबतीत कॅनडाचा अनुभव सर्वांत समृद्ध आहे. 1965 मध्ये माँत्रेआलजवळच्या सँ-लाँबेर या गावात इंग्रजीभाषक पालकांच्या पुढाकाराने बालवर्गातील मुलांना सर्व शिक्षण फ्रेंचमधून देण्याचा प्रयोग सुरू झाला. ‘इमर्सियों’ म्हणजे भाषेत बुडवून शिकवण्याच्या या पद्धतीला 1969 च्या राजभाषा अधिनियमानंतर देशभर पाठबळ मिळाले. 1977 मध्ये स्थापन झालेली ‘कॅनेडियन पेरेंट्स फॉर फ्रेंच’ ही पालकसंघटना ‘कोंकुर दार ओरातुआर’ नावाची वक्तृत्वस्पर्धा चालवते आणि तीत घरी फ्रेंच बोलणारे, इमर्सियोंमध्ये शिकणारे आणि केवळ एक विषय म्हणून फ्रेंच घेणारे विद्यार्थी यांचे गट वेगळे ठेवले जातात. 2021 च्या जनगणनेत क्वेबेकबाहेर इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषांत संभाषण करू शकणाऱ्यांचे प्रमाण केवळ 9.5 टक्के होते, हे पाहता अशा स्पर्धा वर्गाबाहेर फ्रेंच वापरण्याची मोजकीच संधी पुरवतात, असे म्हणावे लागते.

याच इमर्सियों वर्गांच्या अभ्यासातून भाषासंशोधक मेरिल स्वेन यांनी 1985 मध्ये एक महत्त्वाचे निरीक्षण मांडले. अनेक वर्षे फ्रेंचमधून शिकलेल्या या मुलांचे ऐकून व वाचून समजण्याचे कौशल्य फ्रेंचभाषक मुलांच्या जवळपास पोहोचले होते, पण त्यांच्या बोलण्यातील व्याकरण बरेच मागे होते. स्वेन यांच्या मते याचे कारण असे की समजून घेण्यासाठी संदर्भ पुरतो, व्याकरणावाचूनही अर्थ लागतो. बोलताना मात्र वाक्य स्वतः जुळवावे लागते, आणि तसे जुळवण्याची सक्ती वर्गात फारशी होत नाही. वादविवाद ही अशी सक्ती निर्माण करणारी परिस्थिती आहे. ‘अमुक बंदी घातली तर काय होईल’ असा विषय दिला की संकेतार्थी क्रियारूपांवाचून बोलताच येत नाही. समोरच्याचा मुद्दा अंशतः मान्य करून पुढे जायचे तर ‘सेर्त… मॅ’ ही ‘खरे आहे, पण’ या वळणाची रचना किंवा ‘ब्यँ क’ या उभयान्वयी प्रयोगानंतर येणारे क्रियापदाचे विशेष रूप हाताशी असावे लागते. पाठ्यपुस्तकातील व्याकरणाच्या धड्याला येथे प्रथमच खरे काम मिळते.

याला एक मर्यादाही आहे. स्पर्धेचा ताण वाढला की विद्यार्थी धोका टाळतो, खात्रीच्या वाक्यांवर विसंबतो आणि घरी पाठ केलेला मजकूर म्हणून दाखवतो. रॉय लिस्टर आणि लैला रांता यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की इमर्सियों वर्गांतील शिक्षक बहुतेकदा मुलाची चूक स्वतःच सुधारून वाक्य पुन्हा म्हणतात, पण त्याकडे मुलांचे लक्ष क्वचितच जाते. उलट ‘म्हणजे काय?’ असे विचारून मुलाला स्वतःच पुन्हा सांगायला लावले तर तो चूक दुरुस्त करण्याची शक्यता वाढते. हा निष्कर्ष स्पर्धेला लावून पाहिला तर प्रतिस्पर्ध्याच्या प्रश्नाचे शैक्षणिक मोल लक्षात येते. वादात समोरचा संघ ‘आपला मुद्दा नीट कळला नाही’ असे म्हणतो तेव्हा तो नकळत उत्तम भाषाशिक्षकाचे काम करत असतो, कारण उत्तर देणाऱ्याला तोच आशय दुसऱ्या शब्दांत मांडावा लागतो. ज्या स्पर्धेत प्रश्न विचारण्यास वावच नाही, तेथे हा लाभ संपूर्णपणे गमावला जातो.

भाषेच्या कोणत्या पातळीवर वाद शक्य होतो, याविषयी युरोप परिषदेने 2001 मध्ये प्रसिद्ध केलेली सामाईक संदर्भचौकट मार्गदर्शक आहे. सहा पायऱ्यांच्या या चौकटीतील चौथ्या, म्हणजे बी-2 पायरीवर विद्यार्थ्याने चर्चेत आपले मत कारणे देऊन टिकवून धरावे अशी अपेक्षा असते. ‘देल्फ’ या फ्रेंच प्रमाणपत्र परीक्षेच्या त्या पायरीवर छोट्या उताऱ्यावरून स्वतःचे मत मांडून परीक्षकासमोर त्याचा बचाव करावा लागतो. त्याखालच्या बी-1 पायरीवरील विद्यार्थी मत देऊ शकतो, पण अनपेक्षित आक्षेपापुढे अडखळतो. बहुतेक देशांत शाळेत फ्रेंच शिकणारे विद्यार्थी याच पायरीच्या आसपास असतात, म्हणून त्यांच्यासाठी विषय काही आठवडे आधी देणे, बाजू मात्र ऐन वेळी सोडतीने ठरवणे, हा मध्यममार्ग शहाणपणाचा ठरतो. त्यामुळे शब्दसंग्रह गोळा करायला अवधी मिळतो आणि एकाच बाजूचे भाषण पाठ करण्याचा मोहही आवरतो.

गुण कशाला?

स्पर्धेचा खरा अभ्यासक्रम परीक्षकांच्या गुणपत्रिकेत लिहिलेला असतो. जागतिक शालेय स्पर्धेत आशयाला 40, शैलीला 40 आणि व्यूहरचनेला 20 गुण असतात. जर्मन-स्विस रचनेत विषयाचे ज्ञान, अभिव्यक्ती, संवादक्षमता आणि पटवून देण्याची ताकद असे चार निकष आहेत, आणि त्यांपैकी संवादक्षमता म्हणजे समोरच्याचे नेमके ऐकून त्याचा धागा पुढे नेणे होय. परभाषेतील स्पर्धांत यांत उच्चार, व्याकरणशुद्धी आणि शब्दसंपदा यांची भर पडते. ही भर स्वाभाविक असली तरी तिचे वजन निम्म्यावर गेले की वादविवाद ही भाषेची तोंडी परीक्षा बनते, आणि कमी चुका करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे कमी आणि ठरलेलेच बोलणे, हे स्पर्धकांच्या लवकरच ध्यानात येते.

न्यायसूत्रांत पराभवाची बावीस कारणे, म्हणजे निग्रहस्थाने, सांगितली आहेत. त्यांपैकी ‘अननुभाषण’ हे कारण आजच्या परीक्षकांनीही लक्षात घेण्याजोगे आहे. प्रतिवादीचे म्हणणे तीनदा सांगितले गेले, सभेला ते समजले, तरीही ज्याला ते पुन्हा उच्चारून दाखवता येत नाही तो हरला, असा त्याचा आशय आहे. प्रतिपक्षाचा मुद्दा स्वतःच्या शब्दांत न्याय्यपणे मांडणे हे खंडनाची पूर्वअट मानणारा हा नियम परभाषेच्या स्पर्धेत दुहेरी उपयोगाचा आहे, कारण त्याने ऐकण्याची आणि अनुवदनाची, दोन्ही कौशल्यांची एकाच वेळी कसोटी लागते. खंडनापूर्वी अशा पुनर्मांडणीला स्वतंत्र गुण ठेवले तर पाठांतराचा आधार आपोआप सुटतो, कारण समोरचा काय बोलणार हे कोणालाच आधी पाठ करता येत नाही.

उच्चाराचा प्रश्न गुणपत्रिकेत सर्वांत नाजूक आहे. फ्रान्समध्येही प्रादेशिक उच्चारांकडे कमीपणाने पाहिले जाते; भाषाशास्त्रज्ञ फिलिप ब्लांशे यांनी या वृत्तीला ‘ग्लोतोफोबी’ असे नाव दिले, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये फ्रान्सच्या कनिष्ठ सभागृहाने उच्चारावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचा एक विधेयक-प्रस्ताव मंजूरही केला. डकार, मॉरिशस किंवा पुणे येथील विद्यार्थ्याच्या उच्चारावर त्याच्या पहिल्या भाषेची छाया असणारच. बोलणे समजते की नाही एवढाच निकष ठेवून पॅरिसच्या उच्चाराशी तुलना टाळणे हे केवळ सौजन्य नाही. त्यावाचून परीक्षक स्पर्धकाच्या युक्तिवादाऐवजी त्याच्या जन्मस्थानाला गुण देत राहतात.

नेमून दिलेली बाजू

विद्यार्थ्याला स्वतःच्या मताविरुद्ध बाजू मांडायला लावणे नैतिकदृष्ट्या योग्य आहे काय, हा वाद स्पर्धांइतकाच जुना आहे. अमेरिकेत 1954-55 च्या हंगामात साम्यवादी चीनला मान्यता द्यावी काय हा विषय आला तेव्हा लष्करी आणि नाविक अकादमींनी आपल्या संघांना भाग घेऊ दिला नाही, आणि दोन्ही बाजूंनी बोलण्याच्या नीतीवर तेथील अध्यापकांत मोठी चर्चा झाली. विरोधकांचे म्हणणे असे की ज्यावर विश्वास नाही ते पटवून देण्याची सवय माणसाला निष्ठाहीन बनवते. समर्थकांचे उत्तर असे की प्रतिपक्षाची सर्वांत भक्कम बाजू आतून पाहिल्याशिवाय स्वतःचे मत पक्के होत नाही, आणि बाजू सोडतीने ठरते हे सर्वांना ठाऊक असल्याने येथे कोणाची फसवणूकही होत नाही.

परभाषेच्या स्पर्धेत या प्रश्नाची धार काहीशी बोथट होते, कारण शिकलेल्या भाषेत बोलताना माणूस आपल्या मतांपासून थोडा दूर उभा असतो आणि नेमून दिलेली बाजू ही भूमिका म्हणून स्वीकारणे त्याला सोपे जाते. विषयांची निवड मात्र तेथे अधिक जपून करावी लागते. शाळेत मोबाईलवर बंदी, सोळाव्या वर्षी मताधिकार, मोफत सार्वजनिक वाहतूक असे विषय वारंवार येतात, कारण त्यांचा शब्दसंग्रह आटोक्यात असतो आणि दोन्ही बाजूंना खरे मुद्दे सापडतात. परंतु त्याच विषयांच्या सततच्या पुनरावृत्तीमुळे तयार युक्तिवादांचा साठा विद्यार्थ्यांत फिरू लागतो आणि विचार करण्याचे काम संपते.

विषमता आणि भाषेचे राजकारण

समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिय आणि झाँ-क्लोद पासरों यांनी 1964 च्या ‘ले एरितिए’ आणि 1970 च्या ‘ला रप्रोद्युक्सियों’ या ग्रंथांत दाखवून दिले की शाळा ज्या सहज, डौलदार भाषेला गुणवत्ता समजते ती बरीचशी सुशिक्षित घरातून वारशाने आलेली असते. मौखिक परीक्षेला हा आक्षेप विशेष लागू पडतो, कारण लेखनात शिकवलेले नियम तरी असतात. उभे राहण्याची ढब, आवाजातील आत्मविश्वास आणि परीक्षकाशी बरोबरीने बोलण्याची सवय शाळेत क्वचितच शिकवली जाते. ग्रां ओराल परीक्षेच्या समर्थकांनी याच कारणाने वक्तृत्व सर्वांना शिकवावे असे म्हटले, तर टीकाकारांनी शिकवण्यासाठी तास न देता परीक्षा लादली तर दरी वाढेल असा इशारा दिला. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे, ती ही की परीक्षा किंवा स्पर्धा स्वतःहून विषमता घटवत नाही. ते काम तिच्यापूर्वीचा सराव करतो.

वादविवादाच्या परिणामांवरील संशोधनही याच दिशेने सावध करते. अमेरिकेतील शिकागो शहराच्या सरकारी शाळांतील वादमंडळांचा ब्रियाना मेझुक यांनी केलेला अभ्यास सहभागी विद्यार्थी शालान्त शिक्षण पूर्ण करण्याची शक्यता अधिक असल्याचे दाखवतो; परंतु अशा मंडळांत मुळात उत्साही विद्यार्थीच दाखल होतात, आणि निवडीचा हा परिणाम गणिताने कितीही वजा केला तरी पूर्णपणे पुसला जात नाही. शाळेतून एकच हुशार संघ निवडून पाठवणाऱ्या आंतरशालेय स्पर्धेला हा आक्षेप अधिकच लागू पडतो. जर्मन-स्विस रचनेत आधी वर्गात, मग शाळेत आणि मगच शाळेबाहेर अशी चढण ठेवली आहे, त्यामुळे अंतिम फेरीपर्यंत न पोहोचणाऱ्यांनाही वादाचा अनुभव मिळतो.

आफ्रिकेत प्रश्न आणखी खोल जातो. तेथील माध्यमिक शाळांत फ्रेंचमधील वक्तृत्व प्रतिष्ठेचे असले तरी ही वसाहतकाळाची भाषा आहे, आणि तिच्या स्थानाविषयीचे मत बदलत आहे. मालीने 2023 च्या राज्यघटनेत फ्रेंचला राजभाषेवरून केवळ कामकाजाच्या भाषेच्या दर्जावर आणले, आणि मार्च 2025 मध्ये माली, बुर्किना फासो व नायजर यांनी फ्रँकोफोनी संघटनेतून बाहेर पडण्याची घोषणा केली. दुसरीकडे, या भागांना स्वतःच्या वादपरंपराही आहेत. मादागास्करमधील ‘काबारी’ ही मलागासी भाषेतील संवादात्मक वक्तृत्वकला 2021 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. फ्रेंचमधील स्पर्धांनी अशा परंपरांना केवळ उद्घाटनाच्या कार्यक्रमापुरते स्थान दिले तर या स्पर्धा एका भाषेचा उत्सव होऊन राहतील. स्थानिक युक्तिवादपद्धतींना आणि उदाहरणांना स्पर्धेत मोल मिळाले तर फ्रेंच ही अनेक भाषकांमधील देवाणघेवाणीचे साधन म्हणून टिकू शकेल.

मराठी संदर्भ

मराठी समाजाशी या विषयाचा संबंध दोन ठिकाणी येतो. मॉरिशसमधील मराठी वंशाच्या मुलांना इंग्रजी माध्यमाच्या शाळेत फ्रेंच हा अनिवार्य विषय असतो, घरात बहुधा क्रियोल बोलली जाते आणि मराठी ही पूर्वजांची भाषा म्हणून ऐच्छिक शिकता येते. चार भाषांत वावरणाऱ्या या मुलांसाठी फ्रेंचमधील वाद हा दैनंदिन वास्तवाचा भाग आहे, कारण तेथील वृत्तपत्रांची प्रमुख भाषा तीच आहे. महाराष्ट्रात परिस्थिती वेगळी आहे. येथे शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांत फ्रेंच अनेकदा गुण मिळवून देणारा विषय म्हणून घेतला जातो, लेखी परीक्षेवर भर असतो आणि पुण्या-मुंबईतील आलियाँस फ्रँसेझ ही फ्रेंच शिकवणारी केंद्रे किंवा विद्यापीठीय विभाग यांच्या बाहेर सलग फ्रेंच बोलण्याची संधी थोडी असते. वक्तृत्वाची परंपरा मात्र जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने 1875 मध्ये पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला वक्तृत्वोत्तेजक सभेने चालवली, आणि शालेय वक्तृत्वस्पर्धांचे जाळे आजही गावोगावी आहे. पण या स्पर्धांतही पालक-शिक्षकांनी लिहून दिलेले भाषण पाठ करून म्हणण्याची रूढी इतकी पक्की आहे की वादविवाद स्पर्धाही अनेकदा एकाआड एक येणाऱ्या भाषणांची मालिका ठरते. म्हणजे पॅरिसच्या वक्तृत्वस्पर्धेचा मूळ दोष येथे परका नाही, आणि फ्रेंचमधील स्पर्धा येथे आणायची तर ती कोणत्या कुळातली आणावी हा निर्णय अधिक महत्त्वाचा ठरतो.

या सर्व आढाव्यातून काही निष्कर्ष बऱ्यापैकी निश्चितपणे काढता येतात. स्पर्धेच्या एकूण वेळेपैकी किमान निम्मा वेळ आधी तयार करता न येणाऱ्या देवाणघेवाणीला द्यावा. विषय आधी आणि बाजू ऐन वेळी द्यावी. समोरच्याचा मुद्दा नीट मांडून दाखवण्याला स्वतंत्र गुण असावेत. उच्चाराची तुलना सुबोधतेपुरती मर्यादित ठेवावी. घरी फ्रेंच बोलणाऱ्यांचा आणि शिकणाऱ्यांचा गट वेगळा असावा. आणि शाळेबाहेरच्या फेरीपूर्वी वर्गातील प्रत्येकाला एकदा तरी वादाला उभे राहण्याची संधी मिळावी. यांतील एकाही उपायाला मोठा खर्च लागत नाही, पण प्रत्येकामुळे देखणेपणात काहीतरी कमी होते, कारण अडखळत, थांबून, समोरच्याचे ऐकून दिलेले उत्तर पाठ केलेल्या भाषणाइतके सफाईदार कधीच वाटत नाही. आयोजक, शिक्षक आणि पालक यांना ही किंमत मान्य असेल तर विजयासाठी सुरू झालेला जल्प वादाच्या दिशेने सरकतो. ती मान्य नसेल तर तीच स्पर्धा फ्रेंच भाषेतील पाठांतराची चुरस म्हणून चालू राहते, आणि तिच्यातून विद्यार्थी टाळ्या घेऊन बाहेर पडतो, पण मत बदलायला किंवा ते टिकवायला शिकून बाहेर पडत नाही.